गाडी न करता नेपाळ

आमच्या मेसमधे ‘फॉरेन ट्रिप’ हा विषय निघाला की गप्पा दुबईपासून सुरू होतात आणि थेट स्वित्झर्लंडला जाऊन थांबतात. मी मधेच “मी जाऊन आले फॉरेनला, नागपूरहून स्लीपर क्लासने” असं म्हटलं की सगळ्या हसतात. पण मित्रमैत्रिणींनो, नेपाळ हा पूर्ण वेगळा देश आहे. तिथलं चलन वेगळं, घड्याळ वेगळं, कॅलेंडर वेगळं, आठवड्याची सुट्टीसुद्धा शनिवारी. आणि तरीही भंडाऱ्याच्या माणसाला तिथे जायला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी चालतं आणि (या लेखाचा मुद्दा हाच) गाडीही करावी लागत नाही.

युरोप-अमेरिकेतले लोक सुट्टीवर गेले की एअरपोर्टवरच कार भाड्याने घेतात आणि स्वतः चालवतात म्हणे. आपल्याकडे ‘गाडी करतात’, म्हणजे ड्रायव्हरसकट. लग्न असो, पचमढीची महादेवाची यात्रा असो, घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: “गाडी करून घेऊ, कटकट नको.” सात सीटच्या गाडीत नऊ माणसं, वर कॅरिअरवर बॅगा, मांडीवर डबे. कटकट नको म्हणून केलेल्या गाडीत किती कटकट असते हे मागच्या सीटवर बसलेल्यालाच माहीत! (मागच्या सीटवर नेहमी घरातली मुलंच असतात. असो.)

आमच्या घरी हा प्रश्न आला तो आजीमुळे. आजी पवनीची. १९५६ साली नागपूरला दीक्षेच्या दिवशी ती चार वर्षांची होती आणि वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती. तिला त्यातलं फक्त ऊन आठवतं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मधे उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला, ते मात्र तिला चांगलं आठवतं. आता पवनीजवळ रुयाडला महासमाधी भूमीचा मोठा स्तूप आहे, तिथे दर वर्षी तिची फेरी असते. तर अश्या आजीची एकच इच्छा होती, लुंबिनी बघायची. वय ७२, डाव्या गुडघ्यात दुखणं. “दोन वर्षांनी जाऊ” हे वाक्य तिच्यासमोर म्हणायची सोय नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात नातेवाइकांनी मिळून प्लॅन केला. एक मिनीबस करायची, भंडाऱ्याहून सिवनी, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर असं जायचं, सात दिवसांत लुंबिनी आणि पोखरा दोन्ही उरकून परत. ऑगस्टच्या शेवटी निघायचं ठरलं, कारण तेव्हा सगळ्यांना सुट्टी जमत होती. मग २३ ऑगस्टला ती बातमी आली. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ भागातले भाविक पोखऱ्याहून काठमांडूला जात असताना तनहुँ जिल्ह्यात त्यांची बस मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. २७ जण गेले. उत्तर प्रदेश पासिंगची, यात्रेसाठी केलेली बस होती ती. टीव्हीवर विमानातून उतरवलेल्या पेट्या दिसल्या आणि बाबांनी तिथल्या तिथे मिनीबस कॅन्सल केली. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना एवढंच म्हणाली, “मले का कोनी इचारलं का, गाडीतच जाची हाये का म्हून?”

मी तेव्हा सेकंड इयरला होते. त्या अपघाताचं कारण मी इथे सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. ‘बस चांगली, गाडी वाईट’ असंही म्हणणार नाही, कारण तीही बसच होती. पण आजीच्या प्रश्नानंतर मी नकाशा घेऊन बसले आणि दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या: कोणत्या महिन्यात जायचं आणि कश्याने जायचं. आपण दुसऱ्या प्रश्नावर भांडतो आणि पहिला ‘सुट्टी कधी आहे’ यावर सोडून देतो. नेपाळच्या डोंगरात जून ते सप्टेंबर पाऊस. रस्ते नदीच्या काठाने कापलेले, वरून दरड, खालून पाणी. त्याच वर्षी १२ जुलैला नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरडीने दोन बसेस त्रिशूलीत नेल्या होत्या, त्या तर तिथल्याच बसेस होत्या. ऑक्टोबरमधे पाऊस संपतो, पण दशैं आणि तिहार (आपले दसरा-दिवाळी) येतात, सगळा नेपाळ गावी जायला निघतो आणि बसमधे जागा मिळत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तर प्रदेशात धुकं पडतं आणि गाड्या तासन्‌तास लेट होतात. मधे उरतो नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, ते करून लगेच निघायचं ठरवलं.

मतदानाचा इथे दुसराही संबंध आहे. नेपाळला जाताना भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. नुसतं आधार कार्ड सगळ्यांना चालत नाही! १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना ते चालेल असं गृह मंत्रालयाने २०१९ मधे स्पष्ट केलं. म्हणजे आजीचं काम आधारवर झालं, पण आई, बाबा आणि मी यांना मतदार कार्ड पाहिजे. होस्टेलमधल्या किती जणांकडे ते आहे, हात वर करा. अठरा पूर्ण होऊन दोन-दोन वर्षं झाली तरी फॉर्म भरलेला नाही, हे मला माहीत आहे. माझं कार्ड नवं कोरं होतं आणि बोटावर शाई ताजी होती. सीमेवरच्या जवानाने कार्डाआधी बोट बघितलं आणि हसला.

आता प्लॅनिंग. इथे सिव्हिलचं थोडं ज्ञान पाजळते. वैनगंगेच्या पुलावरून जाताना बसला ठरावीक अंतराने ‘धडक-धडक’ बसते. ते एक्स्पान्शन जॉइंट. दोन गाळ्यांच्या मधे मुद्दाम फट ठेवलेली असते, कारण उन्हाने काँक्रीट प्रसरण पावतं आणि त्याला जायला जागा लागते. फट ठेवली नाही तर पूल स्वतःच स्वतःला ढकलून तडकतो. गाडीशिवायच्या प्रवासातही सगळी गंमत अश्या सांध्यांवर आहे. ट्रेन उतरून बस, बस उतरून सीमा, सीमा ओलांडून रिक्षा. लोक किलोमीटर मोजतात, पण किलोमीटर आपोआप कापले जातात. प्रवास बिघडतो तो सांध्यावर.

पण फट किती ठेवायची? सगळीकडे सारखी ठेवली तर वेळ वाया जाईल. आमच्या ट्रान्सपोर्टेशनच्या पुस्तकात ‘हेडवे’ नावाचा शब्द आहे: एका मागोमाग येणाऱ्या दोन वाहनांमधलं अंतर, वेळेत मोजलेलं. माझा नियम त्यावरून काढलेला आहे. प्रत्येक सांध्यावर एकच प्रश्न विचारायचा: हे वाहन चुकलं तर पुढचं किती वेळाने? सीमेवरच्या ई-रिक्षाचं उत्तर ‘दोन मिनिटं’, तिथे फट शून्य. गोरखपूर-सोनौली बसचं उत्तर ‘थोडा वेळ’, तिथे तास-दीड तास पुरे. आणि नागपूर-गोरखपूर रेल्वेचं उत्तर ‘काही दिवस’. राप्तीसागर एक्सप्रेस केरळहून निघून बल्लारशा, नागपूर, इटारसी, भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ करत गोरखपूरला जाते, पण रोज नाही, आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच. अश्या गाडीच्या अलीकडे आणि पलीकडे फट ठेवायची ती अख्ख्या रात्रीची. म्हणून आदल्या संध्याकाळीच नागपूरला मावशीकडे मुक्काम. आणि परतीच्या वेळी गाडीच्या आदल्या दिवशी गोरखपुरात हजर, मग नेपाळमधे काहीही होवो.

याचा अर्थ प्लॅन पहिल्या दिवसापासून पुढे लिहायचा नाही. आधी जायची आणि यायची ट्रेन कोणत्या वारांना आहे ते बघायचं, ते दोन खांब रोवायचे आणि मधलं अंतर भरायचं. रिझर्व्हेशनची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, ते लक्षात ठेवा. अजून एक गोष्ट, जी तिकीट काढणाऱ्या पुष्कळ लोकांना माहीत नसते. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मधे बंद झाली, पण लोअर बर्थचा कोटा आहे. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांना तो मिळतो, मात्र एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच. घरातल्या चौघांचं तिकीट एकत्र काढलं की आजीचा हक्क गेला आणि ७२ वर्षांची बाई अप्पर बर्थकडे बघत बसली! आम्ही आई आणि आजी यांचं तिकीट वेगळं काढलं, दोघींना खालचे बर्थ मिळाले. बाबा आणि मी शेजारच्या डब्यात.

गोरखपूरचा प्लॅटफॉर्म १३६६ मीटर लांब आहे. २०२३ मधे हुबळीचा १५०७ मीटरचा झाला, तोपर्यंत हा जगात सगळ्यात लांब होता. रेकॉर्ड म्हणून ऐकायला छान वाटतं, पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला घेऊन तो चालायचा म्हणजे एक वेगळाच ट्रेक आहे. व्हीलचेअरची सोय असते, उतरायच्या आधी चौकशी करा.

गोरखपुरात आम्ही दोन रात्री राहिलो. पहिली रात्र ही ट्रेन लेट झाली तर म्हणून ठेवलेली फट. ट्रेन फार लेट झाली नाही, त्यामुळे एक दिवस मोकळा मिळाला आणि आम्ही रोडवेजच्या बसने कुशीनगरला जाऊन आलो, साधारण ५० किलोमीटर. बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं ते ठिकाण. तिथली पहुडलेली मूर्ती सहा मीटर लांब आहे. आजी पायांपाशी जे बसली ते उठेचना. फट वाया जात नाही ती अशी.

एक सावधगिरी. गोरखपूर स्टेशनच्या बाहेर ‘डायरेक्ट पोखरा’, ‘डायरेक्ट काठमांडू’ अशी तिकिटं विकणारे लोक गाठतात. सीमेवर तुम्हाला उतरावं लागतं, पलीकडे दुसरी बस असते आणि तिथला माणूस तुमचा कागद ओळखेलच असं नाही. सीमेपलीकडचं तिकीट सीमेपलीकडेच काढावं. स्टेशनजवळूनच सोनौलीच्या बसेस सुटतात, साधारण तीन तास लागतात. नौतनवापर्यंत रेल्वेही आहे, तिथून सीमा सात-आठ किलोमीटर.

सोनौलीची सीमा बघून माझा जरा विरसच झाला. मला वाटलं होतं तारा असतील, बंदुका असतील. प्रत्यक्षात एक बाजारपेठ, ट्रकची लांबच लांब रांग, दोन कमानी आणि मधून सायकलवर गॅस सिलिंडर घेऊन जाणारा माणूस. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपण असे चालत जाऊ शकतो. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने कार्ड बघितलं, बॅगा बघितल्या, झालं. पण याच ठिकाणी गाडीवाल्यांचं काय चाललं होतं ते बघा. भारतीय नंबरची गाडी नेपाळमधे न्यायची तर ‘भन्सार’ म्हणजे कस्टमचा कागद करावा लागतो, जितके दिवस गाडी तिथे राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरावे लागतात, शिवाय परमिट. एका गाडीतली मंडळी उन्हात उभी राहून ड्रायव्हरची वाट बघत होती. आम्ही त्यांच्या शेजारून चालत गेलो. आजीला फार बरं वाटलं.

हिशोबाचं बोलायचं तर मी इथे भाड्याचे आकडे देणार नाही, अंक छापून येईपर्यंत ते बदलतात. रीत सांगते. भंडारा ते लुंबिनी रस्त्याने एका बाजूचे साधारण हजार किलोमीटर. पुढे पोखरा दोनशेच्या आसपास. जाऊन येऊन २४०० धरा. तुमच्या ओळखीचा गाडीवाला किलोमीटरला जो दर सांगेल त्याला २४०० ने गुणा, त्यात ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, टोल, भन्सार मिळवा. मग चार माणसांची स्लीपरची जायची-यायची तिकिटं आणि बसेस यांची बेरीज करा. हा गुणाकार बाबांसमोर ठेवला तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या इंजिनिअरिंगबद्दल चांगलं बोलले. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे: गाडीवाला प्लॅन सात दिवसांचा होता, आमचा तेरा दिवसांचा झाला. वाचलेले पैसे आपण वेळेत मोजतो. बाबांचं दुकान काकांनी सांभाळलं म्हणून जमलं, आणि माझ्या अटेंडन्सबद्दल सरांनी हा लेख वाचताना विचार करू नये ही विनंती.

कमानीपलीकडे बेलहिया. पहिलं काम घड्याळ १५ मिनिटं पुढे करणं. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून आहे, नेपाळची ८६.२५ वरून. फरक पावणेचार अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणून बरोबर १५ मिनिटं. गंमत वाटते, पण सातची बस म्हणजे त्यांच्या सातची, हे विसरलं की बस गेली. दुसरं म्हणजे तारीख. तिकिटावर ‘मंसिर २०८१’ असं लिहिलेलं असतं. नेपाळमधे विक्रम संवत रोजच्या व्यवहारात चालतं, त्यामुळे बुकिंग करताना “आज? भोलि?” असं विचारून घ्यायचं. ‘भोलि’ म्हणजे उद्या. “बस भोलि आहे” हे ऐकून आजी म्हणाली, “बस कायची भोळी, मानसं भोळी.” ‘बिहान’ म्हणजे सकाळ, ‘कति बजे’ म्हणजे किती वाजता. एवढ्या तीन शब्दांवर आम्ही नेपाळ काढला.

आणि पाट्या! सगळ्या देवनागरीत. दुबईला गेलेल्या माणसाला पाटी इंग्रजीत वाचावी लागते, मी कॉन्व्हेंटवाली असल्याने त्यात माझं काही अडलं नसतं. पण आजीला अडलं असतं. ती चौथी शिकलेली. नेपाळमधे ती बसची पाटी वाचून आम्हाला सांगायची, “ही बुटवलची हाये, चला.” आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आणि तिथे घरातली सगळ्यात कमी शिकलेली व्यक्ती आमची गाइड. गाडीत बसली असती तर ड्रायव्हर आणि बाबा काय ठरवतात ते ऐकत मागे बसली असती.

बेलहियाहून भैरहवा चार-पाच किलोमीटर, तिथून लुंबिनी बावीसच्या आसपास. आधी ई-रिक्षा (तिकडे तिला ‘सिटी सफारी’ म्हणतात), मग लोकल बस.

लुंबिनीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गाडी लागत नाही याचा सगळ्यात चांगला पुरावा ते ठिकाणच आहे. तिथला आराखडा केन्झो तांगे या जपानी आर्किटेक्टने केला, १९७८ मधे तो मंजूर झाला. हिरोशिमाचं शांती स्मारक उद्यान करणारे हेच. साधारण पाच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद अशी जागा, मधून सरळ कालवा, कालव्याच्या पूर्वेला थेरवादी देशांचे विहार आणि पश्चिमेला महायानी देशांचे. दक्षिण टोकाला मायादेवी मंदिर, उत्तरेला जपानी शांतिस्तूप. मोटारी बाहेर ठेवून माणसाने चालत चालत आत यावं, हीच कल्पना. तुम्ही हजार किलोमीटर गाडी आणलीत तरी शेवटी ती पार्किंगमधे उभी राहते आणि तुम्ही आमच्यासारखेच ई-रिक्षात किंवा सायकलवर बसता. तीन दिवस उभ्या गाडीचा आणि ड्रायव्हरचा भत्ता मात्र चालू!

मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे. तो १८९६ मधे ओळखला गेला. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक स्वतः इथे आला, बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने लुंबिनी गावाचा ‘बळी’ हा कर माफ केला आणि उत्पन्नातला सरकारचा हिस्सा आठव्या भागावर आणला, असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. मी हे आजीला वाचून दाखवलं (पाटीवरचं, ब्राह्मी नाही). तिने शेतकऱ्याच्या नजरेने विचार केला आणि म्हणाली, “म्हंजे शेतसारा कमी केला म्हन ना!” इतिहासाच्या पुस्तकात यापेक्षा चांगलं एका ओळीत लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

शांतिस्तूपाजवळ सारस पक्ष्यांसाठी राखलेली जागा आहे. महाराष्ट्रात सारस उरलेत ते आपल्या गोंदिया-भंडारा भागातच, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आजीच्या लहानपणी धानाच्या बांधीत सारसची जोडी दिसायची म्हणे. मी माझ्या जिल्ह्याचा हा पक्षी पहिल्यांदा बघितला तो परदेशात.

राहायला लुंबिनी बाजारात लॉज आहेत, आतल्या काही विहारांमधेही यात्रेकरूंची सोय होते. कोरियन विहार त्यासाठी प्रसिद्ध आहे.

लुंबिनीत राहून आम्ही तिलौराकोटला गेलो, तेव्हा अर्ध्या दिवसासाठी टॅक्सी केली. लेखाचं नाव ‘गाडी न करता’ असलं तरी केली! अंतर सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, बस बदलावी लागते आणि परतीची शेवटची बस कधी सुटेल याचं प्रत्येक जण वेगळं उत्तर देत होता. माझ्याच नियमाने, जिथे पुढच्या वाहनाचं उत्तर मिळत नाही आणि फट ठेवायला जागा नाही, तिथे गाडी करावी. पण ती तिथली, तिथल्या ड्रायव्हरची, तेवढ्याच तुकड्यापुरती. सात-आठ माणसं असतील, सोबत लहान मूल किंवा व्हीलचेअर असेल तर डोंगरातल्या रस्त्यासाठीही हेच करावं. गाडी हे औषध आहे, रोजचं जेवण नाही.

पुढचा टप्पा डोंगराचा, आणि मला भीती याचीच होती. भैरहवा-पोखरा हा सिद्धार्थ राजमार्ग, भारताच्या मदतीने बांधलेला. बुटवल सोडलं की तिनाऊ नदीच्या खोऱ्यात रस्ता शिरतो, तिथे सिद्धबाबा नावाचा दरडींसाठी कुप्रसिद्ध पट्टा आहे. दरडींमुळेच तिथे बोगद्याचं काम हाती घेतलं आहे. सलग गेलं तर पोखऱ्याला पूर्ण दिवस जातो. आम्ही तो मधे तोडला आणि तानसेनला म्हणजे पाल्पाला एक रात्र राहिलो. नियम दोनच: सकाळचीच बस, रात्रीची कधीच नाही. आणि जागा दोन अ‍ॅक्सलच्या मधली. मागच्या चाकाच्या मागे बसलं की प्रत्येक खड्ड्यात माणूस वर उडतो, ते लिव्हरचं साधं गणित आहे. बस तानसेनच्या आत जाते की खाली बर्तुङला सोडते हे तिकीट काढायच्या आधी विचारा, कारण बर्तुङहून वर चढ आहे.

तानसेनला आजीने मला चकित केलं. तिथला ‘करुवा’ प्रसिद्ध आहे, तोटी असलेला पितळी धाटणीचा तांब्या. आपलं भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, आजीचं लग्नातलं सगळं सामान भंडाऱ्याच्या कासारांकडचं. तिने दुकानात तीन करुवे हातात घेतले, बोटाने वाजवले, एकाची तोटी वाकडी जोडलीय म्हणून परत केला. दुकानदार नेपाळीत, ती झाडीबोलीत, आणि व्यवहार झाला!

पोखऱ्याबद्दल सगळ्यांनी फोटोत बघितलंय, मी वेगळं काय लिहू. फेवा ताल, नाव, सकाळी समोर माछापुच्छ्रे, ६९९३ मीटर. दोन रात्री राहिलो. परतताना एका दिवसात भैरहवा, दुसऱ्या दिवशी गोरखपूर, तिसऱ्या दिवशी ट्रेन.

पैशाचं थोडक्यात. भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचे १.६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शंभरापर्यंतच्या भारतीय नोटा निर्धास्त चालतात. मोठ्या नोटांवर नेपाळने डिसेंबर २०१८ मधे बंदी घातली होती आणि त्याबाबतचे नियम बदलत राहतात, म्हणून बँकेतून शंभराच्या गड्ड्या घेऊन जाणं सगळ्यात सोपं. मार्च २०२४ पासून काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण बसचा कंडक्टर रोखच मागतो.

आमच्यानंतर वर्षभराने, ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, विमानतळ बंद झाला, कितीतरी भारतीय अडकले. असं काही झालं तर गाडी असूनही उपयोग नाही, कर्फ्यूत गाडी हलत नाही. तेव्हा उपयोगी पडतात दोन-तीन दिवसांचे जादा पैसे, पुरेशी औषधं आणि भारतीय दूतावासाचा नंबर. फोनमधे नको, कागदावर. आजीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आम्ही वीस दिवसांच्या नेल्या होत्या.

शेवटी सामान. गाडी असली की माणूस उशी पण घेतो. गाडी नसेल तर बॅग भरल्यावर ती उचलून आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, मधे खाली ठेवायची नाही. जमलं नाही तर परत उघडायची. सोनौलीला दोन कमानींच्या मधे हमाल, ट्रक, सायकली यांतून तेवढंच अंतर चालावं लागतं. आमच्या चौघांच्या मिळून तीन बॅगा होत्या, निघताना हलक्या. येताना एकीत आजीचा करुवा होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. ती बॅग बाबांनी उचलली आणि आजी मोकळ्या हाताने, आपल्या पायांनी, सीमा ओलांडून भारतात आली.